मद्गुर, मागूर, मांगूर : वर्णनाची एक कसोटी

गोड्या पाण्यातील एका तळचारी माशाविषयी जे लिहिले जाते त्याची चिकित्सा भाषेच्या अभ्यासकाने करावी, हे काहींना अनधिकाराचे वाटण्याचा संभव आहे. मासा हा प्राणिशास्त्राचा विषय; त्याचे खाद्य, श्वसन, प्रजनन यांविषयीच्या विधानांची सत्यासत्यता ठरविण्याचे साधन भाषाशास्त्रापाशी नाही, हे उघड आहे. परंतु प्राणिशास्त्राने जे ठरविले ते लोकांपर्यंत शब्दांच्या वाटेने पोचते. आणि ते शब्द वस्तूला धरून आहेत की वस्तूपासून सुटलेले आहेत, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाकडेच येते. ‘मांगूर’ या माशाच्या बाबतीत हे काम अगत्याचे झाले आहे. या एका नावाखाली आज दोन मासे वावरत आहेत. त्यांपैकी एक भारतीय उपखंडाचा मूळ रहिवासी असून संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत गणला गेला आहे. दुसरा परदेशातून आणलेला असून त्याच्या पालनास आपल्या देशात बंदी आहे. ज्याला राखावयाचे आणि ज्याला रोखावयाचे, त्या दोघांना व्यवहारात एकच नाव असावे, यापरते नामकरणाचे अपयश ते कोणते?

या माशाची वर्णने निरनिराळ्या काळी निरनिराळ्या प्रयोजनांनी झाली आहेत. कोशकाराने ते केले, प्रवासी निसर्गशास्त्रज्ञांनी केले, आधुनिक वर्गीकरणशास्त्राने केले, आणि अलीकडे शासनाने व वृत्तपत्रांनी केले. या सर्वांना एकच कसोटी लावून पाहावी असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ती कसोटी अशी : वर्णन वाचून, ज्याच्या हातात मासा आहे त्या माणसाला तो मासा कोणता हे सांगता येते काय? वर्णनाचे इतर गुण, म्हणजे त्याची शैली, त्याची पूर्णता, त्याची शास्त्रीय परिभाषा, हे सारे या एका गुणानंतरचे होत.

१

प्रथम मासा. येथे जो मूळ देशी मासा अभिप्रेत आहे त्याचे शास्त्रीय नाव क्लॅरियस मागुर. गंगा व ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांतील दलदली, तळी, भातखाचरे, संथ ओढे ही त्याची वस्तीची ठिकाणे. अंगावर खवले नाहीत; डोके रुंद, चपटे व हाडाच्या कवचासारखे कठीण; डोळे बारीक; तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या. पाठीवरचा पर डोक्याच्या मागून जवळजवळ शेपटीपर्यंत लांबत जातो व त्यास काटा नसतो. काटा असतो तो छातीच्या परांना, आणि तो मजबूत असतो. हा मासा रात्री हिंडतो. गढूळ पाण्याच्या तळाशी डोळ्यांचा उपयोग थोडा. म्हणून मिशांनी चिखल चाचपीत तो किड्यांच्या अळ्या, कृमी, लहान गोगलगायी, झिंगे, बारीक मासे आणि कुजलेले सेंद्रिय द्रव्य असे जे सापडेल ते खातो.

त्याच्या श्वसनाची व्यवस्था विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कल्ल्यांच्या वर दोन्ही बाजूंस एकेक पोकळी असून तीत दुसऱ्या व चौथ्या कल्लाकमानीपासून निघालेले, झुडपासारखे फांद्या फुटलेले अवयव असतात. त्यांत रक्तवाहिन्यांचे जाळे असते. मासा वरचेवर पृष्ठभागावर येतो, हवेचा घोट घेतो व तो या पोकळीत साठवितो. म्हणून ज्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू जवळजवळ संपला आहे अशा पाण्यातही तो तगतो. उन्हाळ्यात तळे आटले की ओल्या चिखलात शिरून राहतो. आणि पावसाळी रात्री छातीच्या परांचे काटे जमिनीस टेकीत व अंग वळवीत एका डबक्यातून दुसऱ्या डबक्याकडे सरकतो. वीण पावसाळ्यात होते. पाणी भरलेल्या उथळ खाचरात गवताच्या आश्रयाने तळाशी खळगा केला जातो, त्यात चिकट अंडी घातली जातात, आणि नर त्यांची राखण करतो.

दुसरा मासा क्लॅरियस गॅरिपाइनस, म्हणजे आफ्रिकेतील मागूर. तोही याच कुळातला. खवले नसणे, चार मिशांच्या जोड्या, लांब पृष्ठपर, हवेतून श्वास घेण्याची पोकळी, चिखलातली वस्ती, रात्रीचे हिंडणे, सर्वभक्षी वृत्ती हे सारे दोघांत समान आहे. भेद आहेत ते असे. देशी मासा अर्ध्या मीटरच्या आत राहतो. आफ्रिकी मासा दीड मीटरपलीकडे वाढू शकतो व पालनात वर्षाच्या आत एक किलोहून अधिक भरतो. देशी माशाचा नर घरटे राखतो. आफ्रिकी मासा पूर आलेल्या काठांवरील वनस्पतींत अंडी विखरून टाकतो व त्यांच्याकडे पुन्हा पाहत नाही. मोठा झाल्यावर तो इतर मासे मोठ्या प्रमाणात खातो. हातात धरून पाहण्याजोगी खूण डोक्यावर आहे : डोक्याच्या हाडाळ कवचाची मागील कड देशी माशात एकाच टोकाने पाठीकडे निमुळती होते, तर आफ्रिकी माशात मध्ये एक व दोन्ही बाजूंस एकेक अशी तिला तीन टोके दिसतात. ही खूण पुढे पुन्हा लागणार आहे.

२

या माशाच्या वर्णनांपैकी सर्वांत जुने आपल्या कोशपरंपरेत आहे. संस्कृत नाव ‘मद्गुर’. ‘मद्गु’ म्हणजे पाण्यात बुडी मारणारा पक्षी. दोन्ही शब्दांचा संबंध ‘मज्ज्’, म्हणजे बुडणे, या धातूशी जोडला जातो. तळाशी राहून क्षणभर वर येणारा व पुन्हा बुडी मारणारा प्राणी, हा अर्थ या माशाच्या श्वसनक्रियेस इतका चपखल बसतो की नाव देणाऱ्याने मासा पाहून नाव दिले असावे, असे म्हणावयास हरकत नाही.

अमरकोशाच्या वारिवर्गात मद्गुराच्या प्रियेचे नाव ‘शृङ्गी’ असे दिले आहे. आज पाहता हे विधान चुकीचे आहे. शृङ्गी म्हणजे बंगालीतील शिंगी. हा निराळ्या कुळातला निराळा मासा. त्याचा पृष्ठपर अगदी आखूड असतो, त्याच्या छातीच्या परांचे काटे विषारी असतात, आणि त्याची हवा साठविण्याची जागा झुडपासारखी नसून पाठीच्या स्नायूंतून मागे जाणाऱ्या दोन लांब नळ्यांची असते. परंतु केवळ चूक दाखवून कोशकाराला निकालात काढणे न्याय्य होणार नाही. दोन्ही मासे बिनखवल्यांचे, दोघांनाही चार जोड्या मिशा, दोघेही चिखलात राहणारे आणि दोघेही हवेचे घोट घेणारे. कोशकाराने, किंवा तो ज्यांच्याकडून ऐकून लिहीत होता त्या लोकांनी, साम्य अचूक हेरले. फक्त त्या साम्याला नाते चुकीचे लावले. शिवाय त्यांनी दोघांना नावे दोन दिली. नाते चुकले तरी नावे भिन्न असल्यामुळे कोळ्याचा व वैद्याचा व्यवहार अडला नाही. आजच्या परिस्थितीत नेमके याच्या उलट घडले आहे : नाते आपणांस बरोबर ठाऊक आहे, आणि नाव मात्र एकच उरले आहे.

‘मद्गुर’ या शब्दाचा पुढील प्रवास नियमित आहे. पालीत ‘मग्गुर’ होतो. बंगालीत व ओडियात ‘मागुर’. ज्या वाटेने ‘मुद्ग’ पासून मराठीत ‘मूग’ आला, त्याच वाटेने, म्हणजे जोडाक्षराचे द्वित्व, मग द्वित्वाचा लोप व मागील स्वराचे दीर्घत्व, ‘मद्गुर’ पासून ‘मागूर’ हे रूप सिद्ध होते. आपल्या बाजारात व वृत्तपत्रांत आज रूढ असलेला ‘मांगूर’ मात्र अनुस्वार घेऊन येतो. हा अनुस्वार हिंदीच्या वळणाचा आहे. हिंदी ‘साँप’ तर मराठी ‘साप’. हिंदी ‘काँख’ तर मराठी ‘काख’. हिंदी ‘ईंट’ तर मराठी ‘वीट’. त्याच न्यायाने हिंदी ‘मांगुर’ आणि मराठी ‘मागूर’ अशी जोडी लागते. नाव हिंदीच्या वळणाचे असणे हा दोष नव्हे. अशी शेकडो नावे आपण सुखाने वापरतो. परंतु त्यावरून एवढे दिसते की आजच्या मराठीतील हा शब्द आपल्या तळ्याकाठून आलेला नसून बाजाराच्या वाटेने आलेला आहे, आणि बाजारास जातीच्या भेदापेक्षा मालाच्या साम्याशी अधिक कर्तव्य असते.

३

आता शास्त्रीय वर्णने. १८२२ हे वर्ष या दोन्ही माशांच्या इतिहासात विलक्षण योगायोगाचे ठरले. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतील वैद्य फ्रान्सिस हॅमिल्टन यांचा गंगा व तिच्या शाखांतील माशांवरील ग्रंथ त्या वर्षी एडिंबरा येथे प्रसिद्ध झाला. त्यात हा मासा ‘मॅक्रोप्टेरोनोटस मागुर’ या नावाने आला. त्याच वर्षी विल्यम बर्चेल यांच्या दक्षिण आफ्रिकेतील प्रवासवर्णनाचा पहिला खंड लंडनमध्ये निघाला, आणि त्यात आफ्रिकी माशाला गरीप नदीवरून ‘गॅरिपाइनस’ हे नाव मिळाले. गरीप हे ऑरेंज नदीचे तेथील खोइखोइ लोकांच्या भाषेतील नाव.

दोन्ही नामकरणांत एक समान शहाणपण आहे. हॅमिल्टनने रोहित, कटला, मृगल, मागुर अशी देशी नावे लॅटिनच्या साच्यात जशीच्या तशी बसविली. बर्चेलने नदीचे स्थानिक नाव उचलले. एकाने ‘येथील लोक याला काय म्हणतात’ हे जपले, दुसऱ्याने ‘हा कोठचा’ हे जपले. पोटजातीचे नाव म्हणून दोन्ही नावे आजही टिकून आहेत, आणि दोन्ही खरी आहेत.

याच्या उलट उदाहरण ‘बॅट्राकस’ या नावाचे. लिनीयसने १७५८ साली ‘सिल्युरस बॅट्राकस’ हे नाव दिले. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ बेडूक. वसतिस्थान म्हणून त्याने आशिया आणि आफ्रिका अशी दोन खंडे नोंदविली. एवढ्या मोघम नोंदीखाली कोणताही मासा सामावू शकतो, आणि तसेच झाले. भारतापासून इंडोनेशियापर्यंतचे निरनिराळे मागूर दीर्घकाळ ‘क्लॅरियस बॅट्राकस’ या एकाच नावाने वर्णिले गेले. आपल्याकडील शोधनिबंध, पाठ्यपुस्तके, मत्स्यपालनाच्या पुस्तिका यांत हेच नाव रूढ झाले. अखेर २००८ साली हेऑक ही एन्ग व मॉरिस कोटलाट यांनी त्या नावाचा संबंध जावा बेटावरील माशाशी पक्का केला, आणि भारतीय माशासाठी हॅमिल्टनचे ‘मागुर’ पुन्हा पुढे आले. म्हणजे अडीचशे वर्षांच्या प्रवासानंतर शास्त्र बंगाली कोळ्याच्या शब्दापाशी परतले.

यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. लोकभाषेतील नावे संदिग्ध असतात, शास्त्रीय नावे निःसंदिग्ध असतात. म्हणून लोकभाषेतील नावांची चिकित्सा व्यर्थ होय, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नव्हे. लॅटिन नावास नमुन्याचा आधार देण्याची जी शिस्त आहे, ती लोकभाषेत नाही. परंतु तो आधार जोवर निश्चित झाला नव्हता, तोवर लॅटिन नावही तितकेच भटकले. निःसंदिग्धता ही लॅटिनची देणगी नव्हे. ती वस्तूशी बांधलेल्या वर्णनाची देणगी आहे. हे बंधन मराठीतही घालता येते.

४

आता आजच्या मराठी वर्णनांकडे वळू. आफ्रिकी मासा १९८९ साली थायलंडमधून बांगलादेशात आणला गेला व तेथून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस चोरट्या मार्गाने भारतात आला. या माशाच्या पालनावर केंद्र शासनाने २००० साली बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये त्याविरुद्ध कठोर भूमिका घेतली. आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातही तळ्यांतील साठे नष्ट करण्याची कारवाई झाली. या साऱ्या काळात वृत्तपत्रांतून व सूचनांतून माशाचा उल्लेख होत राहिला तो बहुधा ‘थाई मांगूर’ किंवा नुसताच ‘मांगूर’ असा.

‘थाई मांगूर’ हे नाव आमच्या कसोटीस कोठे उतरते? ज्याला आपण थाई म्हणतो तो मासा मूळचा आफ्रिकेचा. थायलंड हे त्याच्या वाटेवरील एक ठाणे. बर्चेलने नावात उगमाची नदी जपली होती. आपण उगम टाकून वाटेतले ठाणे उचलले. आणि हेही पाहण्याजोगे की थायलंडमधून खरोखरच गेलेला आशियाई मागूर अमेरिकेत फ्लॉरिडाच्या कालव्यांत १९६० च्या दशकापासून वस्ती करून आहे; तेथे त्याला ‘चालणारा’ हे विशेषण मिळाले. म्हणजे जो थाई आहे त्याच्या नावात थायलंड नाही, आणि जो थाई नाही त्याच्या नावात ते आहे. या नावाने हातातला मासा ओळखण्यास तिळमात्र साहाय्य होत नाही.

नुसता ‘मांगूर’ याहून अधिक घातक. ‘मांगूरवर बंदी’ या दोन शब्दांच्या मथळ्यात देशी मासाही अपराधी ठरतो. ज्या बिहार राज्याने देशी मागुराला राज्याचा मासा म्हणून मान दिला, बंगालमध्ये ज्याचा पातळ रस्सा आजारातून उठलेल्या माणसाला पथ्य म्हणून देतात, तो मासा मराठी वाचकाच्या मनात या मथळ्याने विषासमान होतो. देशी मागुराचे पालन करू पाहणाऱ्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक शंकेने विचारते. उलट आफ्रिकी मासा विकणाऱ्याला ‘हा देशीच आहे’ असे म्हणून निसटता येते. नावाच्या संदिग्धतेचा लाभ प्रत्येक वेळी चुकीच्या पक्षाला मिळतो.

या लेखनातील विशेषणांचीही परीक्षा करावयास हवी. माशाचे वर्णन ‘घाण खाणारा’, ‘चिखलात लोळणारा’, ‘मांसभक्षक’ असे केले जाते. या विशेषणांत खोटे काही नाही. परंतु ती दोन्ही माशांना सारखीच लागू पडतात. तळाशी राहून कुजके-सडके व कृमिकीटक खाणे हा सबंध कुळाचा धर्म आहे, आणि डबक्यातील द्रव्याचे चक्र फिरते ठेवण्यात अशा प्राण्यांचा वाटाही असतो. जे विशेषण दोघांत भेद करीत नाही ते विशेषण तिरस्कार व्यक्त करते, ज्ञान देत नाही. आफ्रिकी माशाला कत्तलखान्यातील टाकाऊ मांस खाऊ घालतात, ही गोष्ट खरी असली तरी तो दोष पाळणाऱ्याचा आहे. अशा खाद्यातून व दूषित पाण्यातून माशाच्या शरीरात जे अपायकारक येईल, त्याचा हिशेब खाद्याच्या व पाण्याच्या नावे मांडावयास हवा. तो जातीच्या स्वभावात घालणे हा विचाराचा घोटाळा होय. हेच खाद्य देशी मागुराला घातले तर तो निर्दोष राहील काय?

बंदीचे खरे कारण या विशेषणांच्या गर्दीत झाकले जाते. ते कारण असे की हा मासा मोठा होतो, लवकर वाढतो, इतर मासे खातो, हवेतून श्वास घेत असल्यामुळे वाईटांतल्या वाईट पाण्यात तगतो, आणि पुरात तळ्याबाहेर पडला की त्याला परत आणता येत नाही. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात तो शिरला व त्याला काढून टाकण्यासाठी तेथे मोहिमा घ्याव्या लागल्या. ‘घाण’ या शब्दाने वाचकाला किळस येते. ‘पुरात सुटतो’ या शब्दांनी त्याला कळते की तळ्याला बांध घातला तरी धोका टळत नाही. पहिले वर्णन क्षणिक परिणाम करते, दुसरे वर्तन बदलते.

पाठ्यपुस्तकी मराठीचा दोष याहून निराळा आहे. तेथे ‘मार्जारमीन’ हा शब्द येतो. इंग्रजीत माशाच्या मिशा पाहून मांजर आठवले, म्हणून आपणही मांजर आणले. वस्तुतः आपल्याकडे या वर्गातील माशांना नाव देताना मिशांकडे पाहिले गेले नाही, काट्याकडे पाहिले गेले : संस्कृत शृङ्गी, बंगाली शिंगी, मराठी शिंगाळा. जाळ्यातून मासा सोडविणाऱ्या हाताला मिशी लागत नाही, काटा लागतो. हा अनुभवाचा शब्द जवळ असताना दुसऱ्या भाषेच्या कल्पनेचा अनुवाद करणे म्हणजे स्वतःच्या तळ्याकडे पाठ करून शेजाऱ्याच्या चित्राकडे पाहणे होय.

५

मग नावे कोणती असावीत? ‘देशी मागूर’ व ‘आफ्रिकी मागूर’ ही जोडी बरी दिसते, कारण तीत दोघांचे कुळ एक असल्याचे कळते आणि उगमाचा भेदही कळतो. तथापि ‘देशी’ या शब्दावरही फार भिस्त ठेवता येत नाही. केरळ व कर्नाटकाच्या पश्चिम किनाऱ्याकडील पाण्यांत क्लॅरियस दुसुमिएरी हा आणखी एक मागूर मूळचा राहतो. त्या प्रदेशात गंगेचा मागूर नेऊन सोडला तर ‘देशी’ म्हणून तो निरुपद्रवी ठरेल, असे मानण्याचे कारण नाही. देश हा राजकीय शब्द आहे. माशाचा देश म्हणजे त्याचे खोरे.

म्हणून नावाची दुरुस्ती आवश्यक असली तरी पुरेशी नाही. नावासोबत खूण जावयास हवी. शासनाच्या प्रत्येक सूचनेत, वृत्तपत्राच्या प्रत्येक बातमीत एवढे एक वाक्य असावे की डोक्याच्या कवचाची मागील कड एकटोकी असेल तर देशी, तीन टोकांची असेल तर आफ्रिकी. हे वाक्य लिहिण्यास परिभाषाकोशाची गरज नाही, समजण्यास पदवीची गरज नाही, आणि पडताळण्यास बोटाखेरीज दुसरे साधन लागत नाही. अमरकोशापासून लवादाच्या आदेशापर्यंतच्या साऱ्या लेखनात जे राहून गेले ते हेच.

आपल्या विभागांत वर्णनात्मक गद्याचा अभ्यास बहुधा ललित साहित्यापुरता होतो. निसर्गवर्णन म्हटले की कादंबरीतील नदी व कवितेतील पाऊस आठवतात. शासकीय सूचना, मत्स्यपालनाची पुस्तिका, बाजारातील फळ्यावरचे नाव हे सारे मराठी गद्यच आहे. त्याचे वाचक अधिक आहेत, आणि त्यातील एका शब्दाच्या ढिलाईची किंमत कोणालातरी प्रत्यक्ष मोजावी लागते. प्रस्तुत प्रकरणी ती किंमत मोजणारे दोघे आहेत : प्रामाणिकपणे देशी मासा पाळणारा शेतकरी, आणि भातखाचरातील खळग्यात आपली अंडी राखणारा तो मासा. या गद्याची समीक्षा करणे हे मराठीच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे, आणि आपल्या विद्यार्थ्यांनी प्रबंधाचे विषय निवडताना याही दिशेने पाहावे असे सुचविणे अस्थानी होणार नाही.